डीएसजी थंड दाखवतात, मॅन्युअल गरम: जुनी जीटी घेताना होणारी फसवणूक

लातूरच्या एका तरुणाने छत्रपती संभाजीनगरच्या एका गाडीवाल्याकडून २०१४ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेतली. मीटरवर ५८,००० किमी, व्यवहार पावणेपाच लाखांचा, वरून "शोरूम सर्व्हिस आहे, मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्स चालवणारा भाग) नवीन टाकलंय" अशी तोंडी हमी. त्याच जागेवर फियाटची एक अबार्थ पुंटोही उभी होती, १४५ बीएचपीची, ५-स्पीड मॅन्युअल. दोन्ही चालवून त्याने पोलो ठरवली. गेवराई, बीड, मांजरसुंबा, केज असं लातूरला जाताना बीडच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरायला लागली. अंबाजोगाईच्या अलीकडे गिअरचा इंडिकेटर लुकलुकला आणि गाडी निघेनाच. ना पुढे, ना मागे.

फसवणूक कुठे झाली ते नीट समजून घ्या, कारण जुन्या जीटीच्या व्यवहारात हेच पुन्हापुन्हा होतं.

पोलो सकाळी सातला दाखवली, रात्रभर उभी असलेली, थंडगार. ट्रायल संभाजीनगरच्याच बीड बायपासला, मोकळ्या रस्त्यावर पंधरा मिनिटं. या गाडीत ७-स्पीड डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा दोन क्लचचा गिअरबॉक्स आहे, कंपनीच्या भाषेत डीक्यू२००. यात दोन कोरडे क्लच असतात. एक १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. क्लच तेलात बुडालेले नसल्यामुळे रखडत्या ट्रॅफिकमध्ये ते तापतात, आणि झिजलेला क्लच तापल्यावर जास्त थरथरतो. थंड गाडी बायपासला सरळ पळवली तर काहीच कळत नाही. पुंटोचं बरोबर उलटं. ती "आत्ताच धुऊन आणली" म्हणून आधीच गरम करून ठेवलेली. मॅन्युअल बॉक्समधला झिजलेला सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारं कडं) तेल थंड आणि घट्ट असताना खर्रकन आवाज करतो. तेल पातळ झालं की बराचसा लपतो. म्हणजे दोन्ही गाड्या त्यांचा दोष दिसणार नाही अशाच वेळेला दाखवल्या. गिऱ्हाइकाने मॅन्युअल घेतली असती तरी तो फसण्याचीच शक्यता जास्त होती.

म्हणून डीएसजी बघायची तर दुपारी, आणि किमान ४० मिनिटं. क्रांती चौक ते सिडको जालना रोडने, मग पैठण गेट, गुलमंडीच्या गर्दीत. ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलत ५ ते १० किमीच्या वेगाने गाडी सरकवा. अगदी हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना सीटमध्ये थरथर जाणवली तर क्लच पॅक संपत आलाय. मग दौलताबादहून खुलताबादकडे जाणाऱ्या घाटात चढावर थांबवून पुन्हा उचला. शेवटी सपाटीला डी, आर, डी असं दहा वेळा टाका. गिअर पडायला सेकंदापेक्षा जास्त लागला किंवा धक्का बसला तर पुढे बोलूच नका. हे करायला विक्रेता नाही म्हणाला, पेट्रोलचं कारण सांगितलं, तर पेट्रोल तुम्ही टाका. तरीही नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

आता मेकॅट्रॉनिक. हा गिअरबॉक्सचा मेंदू आणि हात दोन्ही: कंट्रोलर, व्हॉल्व्ह आणि तेलाचा पंप एकाच ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर. त्याचं लिटरभर तेल वेगळं असतं. ब्लॉकवर दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर बसवलेला असतो. त्याच्या आट्यांजवळ ब्लॉकला तडा गेला की तेल झिरपतं, दाब टिकत नाही, पंप सतत धावतो आणि शेवटी कंट्रोलर त्याला बंद करतो. अंबाजोगाईला हेच झालं. लातूरला स्कॅन केल्यावर बिघाडाचा कोड निघाला पी१७बीएफ. दुरुस्तीचं अंदाजपत्रक, क्लच पॅक धरून, दोन लाखांच्या वर गेलं.

तडा गेलेल्या ब्लॉकमध्ये नवं तेल भरून आणि कोड पुसून गाडी काही दिवस ओढता येते. विक्रेत्याने तेच केलं. हे पकडायच्या खुणा आहेत. ड्रायव्हरचं दार उघडलं की डीएसजीचा पंप थोडा वेळ घूंऽऽ करतो, ते ठीक. पण इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा घूं करत राहिला तर दाब कुठेतरी गळतोय. खालचं कव्हर काढायला लावा आणि बॉक्सचा पुढचा भाग टॉर्चने बघा. तेलाचा ओघळ वाईटच, पण बाकी सगळीकडे मराठवाड्याची धूळ आणि तेवढाच भाग चकचकीत धुतलेला असेल तर तेही वाईट.

स्कॅनरशिवाय डीएसजीचा इसार देऊ नका. साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर कोड दाखवणारा) फक्त इंजिन वाचतो, तरी तो कामाचा आहे: "कोड पुसल्यानंतर चाललेलं अंतर" हा आकडा त्यात दिसतो. या गाडीत, लातूरपर्यंतचा प्रवास वजा जाता, तो ३१ किमी होता, आणि गाडी स्वतःच घेते त्या रेडिनेसच्या काही चाचण्या अपूर्ण. म्हणजे दाखवायच्या थोडंच आधी सगळं पुसलेलं. गिअरबॉक्स वाचायला फोक्सवॅगनच्या गाड्यांसाठीचा व्हीसीडीएस किंवा तसलाच स्कॅनर लागतो, त्यात ०२ नंबरचं मॉड्यूल. लातूरला पूर्ण स्कॅन केला तेव्हा दुसऱ्या एका मॉड्यूलमध्ये पुसायचा राहिलेला जुना कोड सापडला. अशा कोडसोबत तो पडला त्या वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात. नोंद होती ९६,४१२ किमीची. मीटर म्हणत होता ५८,०००.

"नवीन मेकॅट्रॉनिक"चं बिलही दाखवलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर, अर्धवट कापलेला फोटो. बिलावरचा चेसिस नंबर आरसीशी शेवटच्या अंकापर्यंत जुळवा, आणि तो नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला स्वतः विचारा. इथे बिल दुसऱ्याच गाडीचं होतं.

आणखी एक घोटाळा शब्दांचा. "ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक, सगळे सारखेच" हे खोटं आहे. २०२० पासूनच्या १.० टीएसआय पोलो जीटीत डीएसजी नाही, ६-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक आहे. तो या कोरड्या क्लचच्या दुखण्यातून मोकळा आहे. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० मध्ये तेलात बुडालेल्या क्लचचा ६-स्पीड डीक्यू२५० येतो. त्याचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किमीला बदलल्याची बिलं मागा. जुन्या ऑक्टाव्हिया १.८ ला मात्र तोच कोरडा डीक्यू२००, ज्याची टॉर्कची मर्यादा २५० एनएम. ते इंजिन कंपनीतूनच २५० एनएम देतं. कोणी तिला रीमॅप केलेलं (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) असेल तर ती गाडी सोडून द्या.

मॅन्युअल घ्यायची तर बॉनेटवर हात ठेवून गाडी थंड असल्याची खात्री करा, मगच किल्ली फिरवा. पहिल्या पाच मिनिटांत तिसऱ्यातून दुसऱ्यात पटकन टाका. खर्र आवाज म्हणजे सिंक्रो. उभ्या गाडीत क्लच दाबल्यावर आवाज बंद झाला तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग, दाबल्यावर सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. तापल्यावर वरच्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम चढला आणि वेग नाही चढला तर क्लच घसरतोय. दुखणं असलं तरी क्लच प्लेट आणि बेअरिंग चांगला मिस्त्री बदलतो. ज्याच्या जवळपास डीएसजी उघडणारा कोणी नाही त्याने मॅन्युअलच घ्यावी, हे स्पष्ट मत आहे. बंद पडलेली डीएसजी साधी टोचन करूनही लांब नेता येत नाही: एनमध्ये, ताशी ५० किमीच्या आत आणि ५० किमीपर्यंतच. अंबाजोगाईच्या अलीकडून लातूर त्यापेक्षा लांब, म्हणून फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) बोलवावा लागला.

कागदांचा सापळा सर्वांत वाईट. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० मूळ मालकाकडून थेट लातूरच्या तरुणाच्या नावावर भरून घेतले. गाडीवाला कागदावर कुठेच नाही. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र, फॉर्म २९बी, असायला हवं आणि गाडी ताब्यात आल्याची नोंद फॉर्म २९सी ने व्हायला हवी. ते मागा, आणि पैसे डीलरच्याच खात्यावर बँकेतून द्या. या तरुणाने एक लाखाचा इसार यूपीआयने त्याच खात्यावर दिला होता, म्हणून निदान तो धागा हातात राहिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे लातूरलाच. दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, त्या बिलाचा फोटो, यूपीआयची पावती आणि स्कॅनचा छापील अहवाल जोडायचा. कोड पुसायच्या आधीचा.