ओशन ग्रोव्ह की केप मे? जर्सीच्या किनाऱ्यावरचं व्हिक्टोरियन घर घेताना

दोन्ही गावं न्यू जर्सीतली, दोन्हीकडे नक्षीदार व्हरांड्यांची लाकडी घरं आणि चालत जाता येईल इतक्या जवळ समुद्र. फरक आहे तो घराखालच्या जमिनीत.

ओशन ग्रोव्ह १८६९ मध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी धार्मिक शिबिरासाठी वसवलं. तिथली जमीन आजही त्यांच्या कॅम्प मीटिंग असोसिएशनची आहे. तुम्ही विकत घेता ते घर. जमीन मिळते ९९ वर्षांच्या, नूतनीकरण होणाऱ्या भाडेपट्ट्यावर. सिडकोच्या घरांचे व्यवहार केलेल्यांना हे नवं वाटणार नाही. कर्ज काढणार असाल तर पट्ट्याची किती वर्षं उरली आहेत आणि हस्तांतराच्या अटी काय, हे बँकेला आधीच दाखवा. भाडेपट्ट्यावरच्या जमिनीसाठी प्रत्येक बँक कर्ज देत नाही. केप मेमध्ये सहसा जमिनीसकट मालकी मिळते, त्यामुळे ही भानगड नाही.

पाण्याचा हिशेब मात्र केप मेला जड जातो. गाव सखल, आणि पूर फक्त समुद्राकडून येत नाही, मागच्या खाडीकडूनही येतो. ओशन ग्रोव्हमध्ये उत्तरेचा वेस्ली लेक आणि दक्षिणेचा फ्लेचर लेक यांच्या काठची घरं नीट तपासा. मधल्या गल्ल्यांना त्रास कमी. कुठेही घेतलं तरी एलिव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे पुराच्या पातळीच्या तुलनेत घर किती उंच आहे याचा दाखला, मागा. सरकारी पूरविम्यात एका कुटुंबाच्या घराला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर मिळतात, सामानाला १,००,०००. मोठं व्हिक्टोरियन घर पुन्हा उभारायला ही रक्कम अपुरी पडते, म्हणून वरच्या खाजगी विम्याचा दर सौद्याआधीच काढा. पूरक्षेत्रात दुरुस्तीचा खर्च घराच्या बाजारभावाच्या (जमीन वगळून) निम्म्यावर गेला की घर उंच करण्याची अट लागू होऊ शकते. ऐतिहासिक दर्जा टिकवला तर यातून सूट मिळू शकते. नगरपालिकेकडून ते लेखी घ्या.

आता आग. १८७८ च्या आगीत केप मेचा सुमारे ३५ एकर भाग जळाला, म्हणून तिथली बरीच घरं त्यानंतरची आहेत. ओशन ग्रोव्हचे मूळ प्लॉट जेमतेम ३० बाय ६० फुटांचे, दोन लाकडी घरांमध्ये कधीकधी हातभर जागा. त्यात बलून फ्रेमिंग: भिंतीतले उभे वासे जोत्यापासून छपरापर्यंत सलग, मध्ये अडथळा नाही. तळघरात लागलेली आग भिंतीच्या पोकळीतून चिमणीसारखी पोटमाळ्यावर पोचते. प्रत्येक मजल्याच्या पातळीला पोकळी लाकडाने किंवा मिनरल वूलने (न जळणाऱ्या खनिज लोकरीने) बंद करून घ्यावी. चिनी मातीच्या खुंट्यांवरची जुनी वायरिंग निघाली, तर बऱ्याच विमा कंपन्या नकार देतात.

जोत्यावरची आडवी तुळई टोच्याने टोचून पाहा. अर्धा इंच सहज आत गेला, तर ती कुजली आहे किंवा वाळवी लागली आहे. व्हरांड्याच्या फळ्या कापलेल्या टोकांकडून पाणी शोषतात, म्हणून बसवण्याआधी सहाही बाजूंनी रंग हवा. खिळे-स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या. साधे गॅल्व्हनाइज्ड खाऱ्या हवेत लवकर गंजतात. लाकडावर व्हायनिलचं आवरण चढवलेलं घर चकचकीत दिसतं, पण ओल आत अडकली की फळ्या कुजतात. तेवढ्याने घर नाकारू नका, भाव पाडा. पण समोरच्या खिडक्या प्लास्टिकच्या करता येतील असं धरून चालू नका. दोन्हीकडे दर्शनी बदलांना वारसा समितीची परवानगी लागते.

न्यू जर्सीतल्याच एडिसनकडून महिन्यातून तीनदा जाणाऱ्या कुटुंबाने ओशन ग्रोव्ह घ्यावं. शेजारच्या ॲसबरी पार्क स्टेशनवरून आजीआजोबाही चालत येतात, फक्त गाडी लावायला स्वतःची जागा बहुधा नसते. सगळा उन्हाळा तिथेच काढणार असाल, तर मोठ्या प्लॉटसाठी केप मे.

एजंटने केलेला करार सही झाल्यावर वकिलाला तपासायला फक्त ३ कामाचे दिवस असतात. त्यामुळे विम्याचे दर आणि पट्ट्याची प्रत सहीआधीच हातात हवी. जमिनीत पुरलेली, घर तापवायच्या तेलाची जुनी टाकी शोधण्याची अटही करारात घाला: गळकी निघाली तर माती काढण्याचा खर्च मालकाच्या, म्हणजे तुमच्या, गळ्यात पडतो.