टिक… टिक… आणि रेकॉर्डवर ओरखडा एकही नाही

जमैकन गायिका सिस्टर नॅन्सीच्या ‘वन, टू’ या अल्बमची नव्याने छापलेली एल.पी. (मोठी तबकडी) मी गेल्या वर्षी लंडनमध्ये ३४ पौंडांना ऑनलाइन घेतली आणि फसलो. रक्कम एवढीशी की कुणाला सांगायचीही लाज वाटते. पण आपल्यातले जे मोजके लोक रेगे-डान्सहॉल या जमैकन संगीताच्या तबकड्या जमवतात, त्यांच्यासाठी लाज बाजूला ठेवून लिहितो.

अल्बम १९८२चा, किंग्स्टनमधला. निर्माता विन्स्टन रायली, लेबल टेक्निक्स. त्यातलं ‘बॅम बॅम’ हे गाणं तुम्ही नाव माहीत नसतानाही ऐकलं असेल. अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टने २०१६ साली ‘फेमस’ या गाण्यात तेच उचललं. त्याच्या खाली वाजणारा ताल ‘स्टॅलॅग’ तर आणखी जुना, १९७३चा. जमैकात डीजे म्हणजे रेकॉर्ड लावणारा नव्हे, त्याला सिलेक्टर म्हणतात. डीजे त्या तालावर बोलत-गात जातो. त्या पुरुषांच्या गर्दीत विशीतली ही मुलगी माइक हातात घेऊन उभी राहिली. मूळ प्रत माझ्या आवाक्याबाहेरची. म्हणून नव्या छपाईची जाहिरात दिसली तेव्हा मी पुरता विरघळलो.

जाहिरातीत तीन गोष्टी होत्या: मूळ मास्टर टेपवरून (स्टुडिओतल्या अस्सल रेकॉर्डिंगवरून) छपाई, फक्त ५०० प्रती, आणि विक्रीतला वाटा थेट गायिकेला. मला भुरळ पडली ती तिसऱ्या ओळीची. नॅन्सीला ‘बॅम बॅम’चे पैसे तीसहून जास्त वर्षं मिळाले नव्हते. तोवर ती अमेरिकेत न्यू जर्सीला जाऊन बँकेत नोकरी करत होती. २०१४मध्ये बुटांच्या एका जाहिरातीत स्वतःचं गाणं ऐकल्यावर तिने हक्कासाठी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे मागच्या दहा वर्षांची रॉयल्टी आणि निम्मे हक्क पदरात पडले. आपले चार पौंड तिला जाणार, या कल्पनेनेच मला एवढं बरं वाटलं की पुढचं काही विचारायचं सुचलंच नाही. पैसे देताना विक्रेत्याने लिहिलं, ‘मित्र-नातलगांना पाठवायच्या पर्यायातून पाठवा, कमिशन वाचेल, पोस्टेज माझ्याकडून.’ साडेचार पौंड वाचले म्हणून मी खूश. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. इथे तर गरजही नव्हती.

पार्सल आलं. कव्हर थोडं धूसर, फोटोवर बारीक ठिपक्यांची जाळी. पिन टेकवली आणि खरखर सुरू. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, ‘जमैकन रेकॉर्डचा बाजच तसा असतो.’ आणि मी ते मान्य केलं! कारण त्यात अर्धं खरं आहे. त्या काळच्या जमैकन रेकॉर्डमध्ये वापरलेलं प्लास्टिक पुन्हा वितळवून घातलेलं असायचं, भोक मधोमध नसायचं, लेबलवर भलतंच नाव असायचं. आपल्याला तो खडबडीतपणा आवडतो, त्याचं कौतुक आपण पाहुण्यांना सांगतो. नेमका त्याच कौतुकाच्या आड हा माणूस लपला होता.

डोळे उघडले ते एका रविवारी. दुसऱ्या बाजूच्या मध्यावर ‘टिक’ ऐकू येत होतं. पुन्हा टिक. पुन्हा टिक. घड्याळ लावून मोजलं तर दर १.८ सेकंदांनी. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने तबकडीचा एक फेरा तेवढ्याच वेळात होतो, म्हणजे आवाज ओरखड्याचा. मग तबकडी खिडकीपाशी तिरकी धरून पाहिली. काचेसारखी गुळगुळीत, ओरखडा एकही नाही. ओरखडा होता तो कुणाच्या तरी घरच्या जुन्या प्रतीवर. ती वाजवून, तिचंच रेकॉर्डिंग करून ही छापली होती. मास्टर टेपवर ओरखडा कुठून येणार?

खात्रीसाठी नॉटिंगहॅमच्या मित्राला फोन केला. त्यानेही त्याच माणसाकडून घेतली होती. ‘अरे, त्या जागी माझीही टिकटिकते. मला वाटलं माझीच पिन गेली!’ त्याने तर नवी पिनसुद्धा घेतली होती. नंतर आवाज संगणकावर घेऊन आलेख पाहिला. १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखा सपाट. कमी दर्जाच्या एमपीथ्रीचं हे नेहमीचं लक्षण. म्हणजे जुन्या रेकॉर्डवरूनही थेट नाही, बहुधा तिच्या एमपीथ्रीवरून. दुधाची तहान ताकावर भागवतात. इथे ताकातही पाणी.

पैसे परत मागितले तर आधी टाळाटाळ, मग ‘मी दुकानदार नाही, घरातली वस्तू विकली’, मग मौन. घरातली वस्तू, ५०० प्रती! ब्रिटनमध्ये १०० पौंडांवरच्या क्रेडिट कार्ड खरेदीला कलम ७५चं संरक्षण आहे, त्याखालच्या रकमेसाठी बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. पण मी पैसे ‘मित्राला’ पाठवले होते. मित्राला दिलेल्या पैशांची दाद कुणाकडे मागणार? साडेचार पौंड वाचवले ते असे.

आता मी काय करतो ते सांगतो. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले आकडे-अक्षरं यांचा फोटो आधी मागतो. जो देत नाही, त्याला नमस्कार. ‘मास्टर टेपवरून’ म्हटलं की परवाना कुणाकडून, हे विचारतो. खरी छपाई करणारे हक्कधारकाचं नाव मागच्या कव्हरवर अभिमानाने छापतात. माझ्या कव्हरवर तिथे फक्त सालाचा आकडा होता. शक्य असेल तर दुकानात उभं राहून ऐकून घेतो. लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या एका जमैकन आजोबांना माझी प्रत दाखवली, तर त्यांनी पिन न टेकवताच, नुसती लेबलाची छपाई पाहून मान हलवली. चाळीस वर्षं याच तबकड्या हाताळलेला माणूस. आधी गेलो असतो तर!

मित्र म्हणाला, विकून टाक, निदान वीस तरी येतील. मोह झाला, खोटं कशाला बोलू. मग काळा मार्कर काढला आणि दोन्ही बाजूंच्या लेबलवर ठळक लिहिलं: नकली. देवनागरीत लिहिलं हे नंतर लक्षात आलं, म्हणून खाली इंग्रजीतही लिहिलं.