गिट बॅश, आठ महिन्यांनंतर : खिडकी गप्प का बसते

विंडोजवर गिट बॅश वापरायला लागून आठ महिने झाले. म्हणजे युनिक्सच्या धर्तीवर कमांड टाइप करून कामं करवून घ्यायची खिडकी. ग्रेप, सेड, फाइंड ही शोधाशोध आणि बदल करणारी छोटी साधनं फुकटात मिळतात आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही झटपट चालतात, म्हणून घेतलं. त्याबाबत आजही तक्रार नाही. लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल, कारण तिच्यापायी माझे अडीच हजार रुपये जाता जाता वाचले.

इथे इंदूरला आमच्या जुन्या मराठी वाचनालयाची नऊ हजार टंकलिखित सूचीकार्डं स्कॅन झाली आहेत. ती टेसरॅक्टकडून (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) वाचून घेणारी छोटी पायथन स्क्रिप्ट मी लिहिली. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ती सुरळीत चालली. गिट बॅशमध्ये मात्र पहिल्याच कार्डावर ‘चारमॅप’चा एरर देऊन आडवी. एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) यूटीएफ-८ ठरवून दिलं, एरर गेला, पण खिडकी गप्प. कर्सर लुकलुकतोय, अक्षर एक नाही. शेजारी नाना बसले होते, म्हणाले, “अहो, हे चाललंय की झोपलंय?” दोनदा मी वैतागून बंद केली. तिसऱ्यांदा नेट धरून बसलो, तर सात मिनिटांनी शंभरेक ओळी एकदम बदाबदा आल्या.

जेल रोडवरच्या एका दुकानात विचारलं. मशीन न उघडताच उत्तर मिळालं : रॅम कमी आहे, अडीच हजार लागतील. याचा मला अजून राग आहे. रॅमचा यात काडीचा संबंध नव्हता.

कारण असं. गिट बॅशची खिडकी, म्हणजे मिनटी, युनिक्सच्या पद्धतीचं टर्मिनल आहे आणि ते आतून विंडोजच्या पाइपांवर, म्हणजे एका प्रोग्रॅमचा मजकूर दुसऱ्याकडे नेणाऱ्या नळ्यांवर, उभं आहे. बॅश, ग्रेप यांना ते टर्मिनलच वाटतं, कारण ती त्याच घरची. विंडोजसाठी बनलेल्या पायथनला मात्र समोर फक्त पाइप दिसतो. समोर माणूस नाही असं धरून तो ओळी साठवतो आणि ८१९२ बाइट भरले की एकदम सोडतो. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटांचं, माझी ओळ साधारण ऐंशी बाइटांची, एका कार्डाला चार सेकंद; सात मिनिटांचा हिशेब तंतोतंत जुळला. पहिला एररही तिथलाच. विंडोजच्या स्वतःच्या खिडकीत, म्हणजे कन्सोलवर, पायथन ३.६ पासून थेट युनिकोड लिहितो, पाइपात मात्र विंडोजच्या जुन्या कोडपेजने, म्हणजे मर्यादित अक्षरांच्या तक्त्याने, आणि माझ्या मशीनच्या कोडपेजात ‘क’सुद्धा नाही.

आधी मी विनपीटीवाय नावाचं मदतनीस साधन खूश होऊन वापरलं. कमांडच्या आधी लावलं की पायथनला खरा कन्सोल मिळतो. मायएसक्यूएल या डेटाबेसचा न दिसणारा प्रॉम्प्टही दिसू लागला. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. मग तेच आउटपुट ग्रेपला जोडायला गेलो, तर ‘एसटीडीआउट इज नॉट अ टीटीवाय’ (समोर टर्मिनल नाही) म्हणून नकार. ज्या पाइपांसाठी बॅश घ्यायचं, तेच बंद! तेव्हा ते फक्त प्रश्नोत्तरं करणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी ठेवलंय.

गेल्या महिन्यात नवी आवृत्ती टाकताना ‘स्यूडो कन्सोल’च्या चौकटीत खूण केली. ‘प्रायोगिक’ लिहिलेलं पाहून मी ती नेहमी सोडून द्यायचो, ही चूकच. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून प्रोग्रॅमला खरा कन्सोल भासवण्याची ही सोय विंडोजमध्येच आहे आणि गिट बॅश तिचा उपयोग करून घेतं. आता ओळ तयार झाली की दिसते. पण आउटपुट फाईलमध्ये किंवा ग्रेपकडे वळवलं की मूळ दुखणं परत, म्हणून स्क्रिप्ट मायनस यू (ओळी साठवू नको, ही सूचना) लावूनच चालवतो आणि पायथनचा यूटीएफ-८ मोड बॅशच्या प्रोफाइलमध्ये कायमचा चालू ठेवलाय. या उपायांना एक पैसा लागला नाही.

काही कटकटी आहेतच. विंडोजच्या प्रोग्रॅमची ओळ शेवटी एक अदृश्य कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची जादा खूण) घेऊन येते. फाईलच्या नावाला ते चिकटलं की ‘फाईल सापडत नाही’. टीआर या कमांडने ते काढल्याशिवाय मी लूप लिहीत नाही. जोडाक्षरंही खिडकीत सैल दिसतात, फाईलमध्ये ठीक असतात.

परवा रात्री पूर्ण गठ्ठा लावला. नाना चष्मा सावरत एकेक शीर्षक वर सरकताना वाचत होते, मधेच म्हणाले, “थांबव जरा, हे पुस्तक मी शाळेत असताना नेलं होतं.” थांबवलं, त्यांनी क्रमांक लिहून घेतला, पुढे चालू केलं.