चढ मोजून ठरवा : उम्ब्रियातल्या डोंगरगावात रेसिडेन्सी

बस खालीच थांबते. गाव डोक्यावर असतं. माझ्या एका हातात अठरा किलोची बॅग, दुसऱ्या हातात ठसे कोरायचं गुंडाळलेलं लिनोलियम, पाठीवर रोलर, शाईचे डबे आणि पुण्याच्या हातकागदाचे चाळीस ताव. फाब्रियानो या नामांकित कागदाच्या देशात पुण्याचा कागद घेऊन जाणारा मी एकटाच असेन. वेशीपर्यंत दोनशे बारा पायऱ्या होत्या. त्या मी तीन खेपांत चढलो आणि तेव्हाच कळलं, की फोटोत जे तटबंदीचं सुंदर गाव दिसतं, तिथे काम काय करायचं हे निम्म्याहून अधिक तो चढच ठरवतो.

त्यानंतर पाचसहा जणांनी मला विचारलं, इटलीतल्या अशा गावात रेसिडेन्सीला, म्हणजे काही आठवडे तिथे राहून आपलं कलेचं काम करायला, जावं का आणि गेलं तर कुठल्या. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगत बसण्यापेक्षा एकदाच मांडतो. मी बोलणार ते मुख्यतः मध्य इटलीतल्या उम्ब्रिया प्रांताबद्दल, कारण तेवढंच मी पायी फिरलोय. पर्याय तीन आहेत : गावाबाहेरच्या गढीत बोलावून नेणारी मोठी संस्था, मध्यम आकाराच्या जित्या गावात राहणं, आणि पैसे भरून एखाद्या चिमुकल्या वस्तीत महिना काढणं.

पहिल्याचा नमुना म्हणजे उंबेर्तिदेजवळची चिवितेल्ला रानिएरी. पंधराव्या शतकातली गढी, भोवती शेतं. 1995 पासून तिथे जगभरातले चित्रकार, लेखक आणि संगीतकार साधारण सहा आठवड्यांसाठी राहतात. प्रवास, खोली, स्टुडिओ, जेवण, सगळं संस्थेचं. फक्त तिथे अर्ज करता येत नाही. कुणीतरी गुपचूप तुमचं नाव सुचवतं, परीक्षक निवडतात आणि मग पत्र येतं. त्यामुळे ‘ही घेऊ की ती’ या यादीत खरं तर ती बसत नाही. पत्र आलं तर जायचं, एवढंच. तरी मी तिला तुलनेत ठेवतो. रेसिडेन्सी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते हेच, आणि पुढे पैसे भरताना आपण नकळत याच चित्राचे पैसे भरत असतो.

दुसऱ्याचा नमुना स्पोलेतो. रोम-आंकोना रेल्वेमार्गावरचं गाव, रोमहून गाडीने दीडेक तास. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोर अमेरिकन शिल्पकार काल्डरचं काळं अजस्र लोखंडी शिल्प उभं. 1962 च्या शिल्पप्रदर्शनासाठी केलेलं, ते तिथेच राहिलं. 1958 पासून दर उन्हाळ्यात संगीतकार मेनोत्तीने सुरू केलेला संगीत-नाट्य महोत्सव भरतो. अमेरिकन कलाकार सोल लेविट इथे येऊन राहिला होता आणि संगीतकार गुस्ताव माहलरची मुलगी, शिल्पकार आना माहलर, हिचंही इथे घर होतं. त्या दोघांच्या स्टुडिओंतून आज माहलर-लेविट स्टुडिओज नावाची रेसिडेन्सी चालते. ती मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तरी गावात खोली भाड्याने घेऊन स्वतःची रेसिडेन्सी स्वतः करता येते. मी दुसऱ्या खेपेला तेच केलं.

तिसऱ्या प्रकारातल्या ठिकाणाचं नाव सांगत नाही, कारण तिथे माझी थोडी फजिती झाली आणि तशी ठिकाणं डझनांनी आहेत. शंभरसव्वाशे वस्तीचं गाव, एक चर्च, एक बार. आठवड्याला साडेतीनशे युरो, खोली आणि ‘सुसज्ज स्टुडिओ’ धरून. स्टुडिओ म्हणजे द्राक्षारसाचं जुनं तळघर निघालं. छपाईचं यंत्र होतं, पण त्याच्या नमद्याला कसर लागलेली. उजेड एका कोनाड्याएवढ्या खिडकीतून, दुपारी अडीच ते चार.

उजेड आणि ओल यांबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण संकेतस्थळावरच्या फोटोत नेमक्या याच दोन गोष्टी दिसत नाहीत. जुन्या गावातली घरं दगडाची, भिंती हातभर जाड, खिडक्या लहान. ती बांधली थंडीसाठी आणि शत्रूसाठी, चित्रकारासाठी नव्हे. नवी खिडकी पाडू म्हटलं तर वारसा-जतनाचे नियम आडवे येतात. उन्हाळ्यात आत छान गार वाटतं, पण तेलरंग आठवडा आठवडा वाळत नाहीत. माझा हातकागद तळघरात दोन रात्रींत पापडासारखा वाकला. शेवटी मी ताव खोलीत गादीखाली ठेवायला लागलो आणि त्यावर झोपायला लागलो. जलरंग, रेखाटन, लेखन, ध्वनिमुद्रण यांतलं काही करत असाल तर हे सगळं चालून जातं. मोठ्या कॅनव्हासवर काम करणाऱ्याने किंवा शिल्पकाराने मात्र आधी दोन प्रश्न लिहून विचारावेत : स्टुडिओच्या दाराची रुंदी किती, आणि मालाची गाडी दारापासून किती अंतरावर थांबते. बहुतेक जुन्या गावांत परवान्याशिवाय गाडी आत नेता येत नाही. कॅमेरे असतात आणि दंडाची पावती भाड्याच्या गाडीमागून थेट घरी येते. त्या दोन प्रश्नांचं उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

इथे गढीवाले आणि स्पोलेतो दोघेही पुढे निघतात, पण वेगवेगळ्या कारणांनी. गढीला अंगण असतं, कोठारं असतात, गाडी दारापर्यंत येते. स्पोलेतो डोंगरावर असलं तरी डोंगराच्या पोटातून सरकते जिने काढलेत. खालच्या वाहनतळावर उतरायचं आणि जवळपास किल्ल्यापर्यंत उभ्याउभ्या पोचायचं. पहिल्यांदा मी ते वापरले तेव्हा मला आधीच्या गावच्या दोनशे बारा पायऱ्या आठवून हसू आलं. पेरुजातही असेच जिने आहेत, तेही पोपच्या सोळाव्या शतकातल्या किल्ल्याच्या गाडल्या गेलेल्या गल्ल्यांमधून जाणारे. ओर्व्हिएतोला स्टेशनासमोरून दोरीवर ओढली जाणारी रेल्वे आहे. असिसीचं स्टेशन मात्र खाली मैदानात, वर जायला बस. नकाशावर अंतर बघताना उंचीही बघा. पन्हाळा कोल्हापूरपासून किती लांब आहे हे सांगून पन्हाळा कळत नाही, तसंच हे.

सोबत कशी हवी, यावर निर्णय सगळ्यात जास्त अवलंबून असावा असं माझं मत. गढीच्या प्रकारात दहाबारा कलाकार रात्री एका टेबलावर जेवतात. एक बाई आठ वर्षं एकाच कादंबरीवर काम करत असते, शेजारचा संगीतकार भांड्यांचे आवाज गोळा करत असतो. ज्याला हे आवडतं त्याला सहा आठवडे कमी पडतात. ज्याला संध्याकाळी तोंड उघडायची इच्छा नसते त्याला दुसऱ्या आठवड्यात टेबलाची धास्ती वाटायला लागते. शिवाय तिथे तुम्ही इटलीत कमी आणि कलाकारांच्या एका बेटावर जास्त असता. बाजारहाट नाही, इटालियन शिकायची गरज नाही.

छोट्या वस्तीत याच्या बरोबर उलट. पहिले चार दिवस कुणी बोलत नाही. पाचव्या दिवशी बारमधल्या म्हातारबांना कळतं की तुम्ही पहाटे सहाला उठून कसलं तरी लाकूड कोरता, आणि मग सगळं गाव स्टुडिओत डोकावून जातं. हे गोड आहे. पण तीन आठवड्यांनी तेच चार चेहरे, तोच प्रश्न, आणि दुकान दुपारी एक ते साडेचार बंद. मला एकटेपणाचं वावडं नाही, तरी तिथल्या एका रविवारी दिवसभरात मी फक्त एक वाक्य बोललो, तेही मांजराशी, मराठीत.

स्पोलेतोत हे मधल्यामध्ये बसतं. गल्लीत भाजीवाला ओळखायला लागतो, पण कंटाळा आला तर पालाझ्झो कोल्लिकोलाचं आधुनिक कलेचं संग्रहालय आहे, आणि कॅथेड्रलमध्ये पंधराव्या शतकातला चित्रकार फिलिप्पो लिप्पी याची भित्तिचित्रं. लिप्पी इथे त्या कामासाठी आला, 1469 मध्ये काम सुरू असतानाच वारला, उरलेली चित्रं त्याच्या मदतनिसांनी पुरी केली आणि त्याचं थडगंही त्याच कॅथेड्रलमध्ये आहे. इतकी लांबलेली रेसिडेन्सी कुणाला मिळू नये!

पाहण्यासारखं जवळपास काय, या बाबतीत उंबेर्तिदेचं पारडं मला अनपेक्षितपणे जड वाटलं. गावात सांता क्रोचे चर्चमध्ये रेनेसान्सकाळातला चित्रकार लुका सिन्योरेल्ली याचं क्रूसावरून उतरवलेल्या येशूचं चित्र आहे. तिथून उत्तरेला, विसेक किलोमीटरवर चित्ता दि कास्तेल्लो. तिथे विसाव्या शतकातला चित्रकार आल्बेर्तो बुर्री याची कामं दोन इमारतींत मांडलीत, त्यातली एक म्हणजे तंबाखू सुकवायचे जुने गोदामवजा शेड. गोणपाट, जळकं प्लास्टिक, भेगाळलेली माती. सांगली-निपाणीच्या बाजूचा कुणी असेल तर तंबाखूच्या वखारीत चित्रं बघताना त्याला माझ्यासारखंच वेगळं काहीतरी वाटेल. त्या दिवशी परत येऊन मी आधीचे तीन ठसे फेकून दिले.

जाता जाता चिविता दि बान्योरेजोबद्दल, कारण फोटो बघून सगळे तिथलंच विचारतात. हे उम्ब्रियात नाही, शेजारच्या लात्सिओ प्रांतात आहे. मऊ दगडाच्या सुळक्यावरचं, कडेकडेने ढासळत चाललेलं गाव. पायपुलावरूनच आत जाता येतं, तिकीट काढून. कायमचे रहिवासी बोटांवर मोजण्याइतके, आणि दिवसा जत्रा. अमेरिकेतल्या सिअॅटलशी जोडलेली, वास्तुकार आस्त्रा झारिनाने सुरू केलेली एक संस्था तिथे अभ्यासवृत्त्या देते. वास्तुकलेच्या माणसाने तिची चौकशी करावी. चित्रकाराने एक रात्र राहावं. संध्याकाळी लोक निघून गेल्यावर आणि सकाळी ते यायच्या आत जे दिसतं ते पुरेसं आहे.

पैशांचं थोडक्यात. पैसे भरायच्या ठिकाणी माझा चार आठवड्यांचा खर्च चौदाशे युरो, वर जेवण, वर विमान. स्पोलेतोत खोली आणि लहान काम करायची जागा मिळून त्याहून कमीत झालं, कारण तिथे ‘रेसिडेन्सी’ या शब्दाचे पैसे द्यावे लागले नाहीत. पण शब्दाला किंमत असते हेही खरं. पुढच्या अर्जात ‘मी महिनाभर खोली घेऊन राहिलो’ असं लिहिता येत नाही. अर्ज, अनुदान, प्राध्यापकी यांसाठी नावाची गरज असेल तर निवडसमिती असलेल्या जागीच जा. आणि जिथे पैसे भरणाऱ्या प्रत्येकाची निवड होते तिथे नाव मिळतं या भ्रमात राहू नका, अर्ज वाचणाऱ्यांना ते कळतं.

व्हिसाचा फरकही याच्याशीच जोडलेला आहे. नव्वद दिवसांच्या आतलं सगळं शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसावर, होतं. फी जून 2024 पासून नव्वद युरो, आरोग्यविमा किमान तीस हजार युरोंचा. अर्ज सहा महिन्यांपेक्षा आधी घेत नाहीत. संस्थेचं निमंत्रणपत्र असलं की मुंबईत काम सोपं जातं. स्वतः खोली घेतली तर हॉटेल-बुकिंग, बँकेचे कागद आणि ‘तिथे जाऊन नक्की काय करणार’ याचं पटेल असं पत्र तुम्हालाच लिहावं लागतं. शिवाय तिथे पोचल्यावर घरमालकाने अठ्ठेचाळीस तासांत पोलिसांकडे तुमची नोंद करायची असते. माझ्या मालकीणबाईंना हे ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना हाताला धरून घेऊन गेलो. खोली घेण्याआधी हे विचारून घ्या.

शाकाहारी लोक मला पहिलाच प्रश्न खाण्याचा विचारतात. उम्ब्रिया हा डुकराच्या मांसाचा मुलूख आहे, पण मसूर, कडधान्यं, रानभाज्या, ऑलिव्ह तेल यांची ददात नाही. पावात मीठ नसतं. पहिले दोन दिवस तो घशाखाली उतरत नाही, मग सवय होते. तव्यावर भाजलेली ‘तोर्ता अल तेस्तो’ मात्र पहिल्या घासालाच ओळखीची वाटते, जाड भाकरीच्या नात्यातली. काटेकोर असाल तर एवढं लक्षात ठेवा, की पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, बनतं, आणि ते जवळजवळ सगळ्यावर किसलेलं असतं. गढीत स्वयंपाकीण असते, आधी सांगून ठेवावं लागतं. बाकी दोन्हीकडे आपला कुकर आपला. मी छोटा कुकर नेला होता. तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या आजी धावत आल्या.

कधी जायचं? ऑगस्ट टाळा. पंधरा तारखेच्या आसपास अर्धं गाव बंद आणि उरलेलं पर्यटकांनी भरलेलं. नोव्हेंबर स्वस्त मिळतो, पण दगडी घरात तो अंगात शिरतो. घरातलं हीटिंग कधी सुरू करायचं आणि कधी बंद, याच्या तारखा तिथे कायद्याने ठरलेल्या असतात, आणि एप्रिलच्या मध्यावर ते बंद होतं. म्हणजे एप्रिलच्या शेवटी एखाद्या पावसाळी आठवड्यात स्वेटर घालून काम करायची तयारी हवी. टर्पेंटाइन वगैरे विमानात चालत नाही, ते तिथेच घ्या, आणि लिनोचे कटर हातातल्या पिशवीत ठेवू नका. माझे विमानतळावरच्या तपासणीत गेले.

पहिल्यांदा जाणाऱ्याने आणि वहीत मावेल असं काम करणाऱ्याने छोटी वस्ती निवडली तर मी अडवणार नाही, फक्त दोन आठवड्यांहून जास्त पैसे आधी भरू नयेत. काम जड असेल, किंवा माणसं लागत असतील, तर स्पोलेतो, पेरुजा, ओर्व्हिएतो असं रेल्वे आणि जिने असलेलं गाव. माझं पुढच्या वेळचं ठरलंय : स्पोलेतो, मे महिना, कागद तिथलाच, आणि लिनोचे तुकडे बॅगेत आडवे मावतील एवढेच.