जुनी छोटी गाडी: १४ महिने आणि ११,००० किलोमीटरनंतर

गाडी हातात आली तेव्हा ९ वर्षांची होती आणि मीटरवर ६८,००० किलोमीटर होते. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, पॉवर स्टिअरिंग, चालू एसी. पत्रा चांगला, इंजिनाचा आवाज स्वच्छ. तक्रारी चार होत्या. हेडलाइट मिणमिणते, पिकअप सुस्त, ॲव्हरेज कमी आणि खड्ड्यात पुढून खडखड. या चारही तक्रारींवर गाडीत काहीतरी नवीन बसवायचं असं मी मनात धरलं होतं. जास्त ताकदीचे बल्ब, वेगळा एअर फिल्टर, कडक सस्पेन्शन अशी यादीच तयार होती.

१४ महिन्यांनी सांगतो, त्या यादीतलं जवळजवळ काहीच बसवलं नाही आणि चारही तक्रारी गेल्या. गाडीत जे कमी आहे असं वाटत होतं, ती बहुतेक ठिकाणी राहून गेलेली देखभाल होती. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय. जुनी गाडी घेतली की पहिला हात ॲक्सेसरीजकडे जातो, माझाही गेला होता.

टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) कधी बदलला याची नोंद नव्हती, म्हणून पहिल्याच आठवड्यात बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलून घेतले. बेल्टला किलोमीटरइतकंच वयही मोजायचं असतं, आणि पंपापर्यंत पोचायला पुन्हा तेच सगळं खोलावं लागतं. ज्या इंजिनात बेल्ट तुटल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, तिथे ‘बघू पुढे’ म्हणण्यात अर्थ नाही. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग हे सगळं पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे केलं. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

खरी गोष्ट ॲव्हरेजची. टाकी काठोकाठ भरून, चालवून, पुन्हा काठोकाठ भरून तीन वेळा मोजलं तर लिटरला १३.४ किलोमीटरच्या आसपास येत होतं. प्लग नवे, टायरमधली हवा बरोबर, तरी तेच. मग एक दिवस लक्ष गेलं की तापमानाचा काटा मोकळ्या रस्त्यावर खाली उतरतो आणि गर्दीत सापडलं की वर चढतो. अर्ध्यावर स्थिर असा तो कधी राहतच नाही. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत कूलंट नव्हतं, चहाच्या रंगाचं गंजाळलेलं पाणी होतं. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसं तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. त्याचं घर उघडलं तर थर्मोस्टॅटच गायब! कधीतरी गाडी तापली असणार आणि कोणीतरी तो काढून टाकून वेळ मारून नेली असणार.

याने होतं काय, तर मोकळ्या रस्त्यावर इंजिन गारच राहतं. सेन्सर गार पाण्याचा आकडा कळवतो आणि कंट्रोल युनिट इंजिन अजून तापायचंय असं समजून जास्त पेट्रोल देत राहतं. वर गार इंजिनाची झीज जास्त होते आणि तेलात पाणी आणि पेट्रोलाचा अंश राहून जातो.

८२ अंशांचा नवीन थर्मोस्टॅट आणला. बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन, दोऱ्याने टांगून, सोबत थर्मामीटर ठेवून तापवला. ऐंशीपर्यंत तो ढिम्म होता. ८२-८३ ला मधली चकती केसभर हलली, आणि नव्वदच्या पुढे ती पूर्ण उघडली तेव्हा खाली बोट जाईल एवढी फट दिसत होती. हे पाच मिनिटांचं काम मी आता प्रत्येकाला करायला सांगतो, कारण सदोष नवा भाग बसवला तर सगळं पाणी पुन्हा काढावं लागतं. नंतर डिस्टिल्ड पाण्याने, हीटर गरमवर ठेवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत चार वेळा धुलाई केली आणि कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरलं. रेडिएटरची कॅपही बदलली, कारण तिच्या दाबामुळेच उकळण्याचा बिंदू वर राहतो. कूलंट सांडलं तर लगेच पुसा. एथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विषारी आहे.

पुढच्या तीन टाक्यांचं ॲव्हरेज १५.६ वर गेलं. एअर फिल्टर मात्र साधाच ठेवला, कागदी.

पिकअपचं कारण त्याहून सापडायला अवघड होतं. सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी सोडली की ती फार लवकर थांबायची. वीसेक किलोमीटर चालवून, ब्रेक शक्यतो न वापरता थांबलो आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेला. हात लावायचा नाही, जवळ न्यायचा. पुढच्या डाव्या चाकाची धग लांबूनच लागत होती, उजवं कोमट होतं. चाक काढून कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सोडवला तर त्याच्या दोन सरकत्या पिनांपैकी खालची हाताने हलेना. फिरवत फिरवत बाहेर ओढली तेव्हा तिच्यावर ग्रीसऐवजी तपकिरी, वाळलेला चिकटा होता. आतल्या बाजूचा पॅड ३ मिलिमीटर उरलेला, बाहेरचा ७. म्हणजे हा ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता आणि इंजिन सतत तो ओढत होतं.

पिना घासून साफ केल्या, रबरी बूट नवे घातले आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं. इथे बेअरिंगचं साधं ग्रीस चालत नाही. खनिज तेलाने ते रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. काम चालू असताना कॅलिपर होजवर (ब्रेक फ्लुइडच्या रबरी नळीवर) लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. पॅड दोन्ही बाजूंचे बदलले. हात घातलाच होता तर ब्रेक फ्लुइडही बदललं. डॉट ४ फ्लुइडचा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस लागतो, पण ते हवेतली वाफ शोषून घेतं आणि ओल्या अवस्थेसाठीची अट १५५ अंशांपर्यंत खाली येते. माझ्या गाडीतलं काळपट झालं होतं. आता दर दोन वर्षांनी बदलायचं असं वहीत लिहून ठेवलंय. ब्रेक मोकळा झाल्यावर ॲव्हरेज १६.२ झालं आणि चढावर तिसरा गिअर टिकायला लागला. दुसरी गाडी चालवतोय असं वाटलं!

खडखड पुढच्या सस्पेन्शनमधल्या स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडची आणि लोअर आर्मच्या चिरलेल्या बुशांची (सांध्यातल्या रबरांची) होती. बदलले, अलाइनमेंट केलं, संपलं. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. छोट्या गाडीत चाकाला वरखाली व्हायला मुळात जागा थोडी, ती आणखी कमी केली की प्रत्येक खड्ड्यात धक्का थेट बॉडीला बसतो. कृपया करू नका.

आता जे बदल खरोखर केले त्यांच्याविषयी. सगळ्यात मोलाचा निघाला हेडलाइटचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. आधी मी एलईडी बल्ब आणले होते. संध्याकाळी भिंतीसमोर दहा पावलांवर गाडी उभी करून पाहिलं. हॅलोजनची वरची सीमा रेघेसारखी सरळ होती, एलईडीची पार विस्कटलेली, वरपर्यंत उजेड उधळलेला. हॅलोजनसाठी बनवलेला रिफ्लेक्टर फिलामेंटच्या (बल्बमधल्या पेटणाऱ्या तारेच्या) नेमक्या जागेवर बेतलेला असतो, प्रकाश त्या जागेवरून निघाला नाही तर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ते बल्ब त्याच संध्याकाळी काढले.

मग मल्टिमीटर लावला. इंजिन चालू, लाइट चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट आणि बल्बच्या सॉकेटवर ११.८. सव्वादोन व्होल्ट वाटेतच गळत होते, जुन्या स्विचमध्ये आणि बारीक वायरींमध्ये. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरतो, त्यामुळे एवढ्या घटीत बराचसा प्रकाश गेलेलाच असतो. हे मोजताना बल्ब जोडलेला आणि पेटलेला हवा. मोकळ्या सॉकेटवर आकडा छानच दिसतो आणि फसवतो.

लो आणि हाय बीमसाठी दोन वेगळे रिले घेतले. ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, ८७ वरून बल्बकडे, आणि ८५-८६ ला मूळ सॉकेटचे संकेत. म्हणजे जुना स्विच आता फक्त रिलेची कॉइल चालवतो, बल्बचा सगळा करंट त्याच्यातून जात नाही. अर्थिंगसाठी रंग खरवडून पत्र्यावर ताजी जागा केली. सॉकेटचं एक टोक जळून तपकिरी झालं होतं, ते सिरॅमिक घेतलं. बल्ब तेच ठेवले, ६०/५५ वॉटचे एच४. आता सॉकेटवर १३.७ व्होल्ट मिळतात आणि रात्रीच्या रस्त्याच्या कडा दिसतात. मूळ वायर कुठेही कापलेली नाही, वाटलं तर सगळं दहा मिनिटांत पूर्ववत होतं. बदल करताना मी ही अट स्वतःला घालून घेतली होती आणि ती फार उपयोगी पडली.

टायरबद्दल माझं मत तितकं ठाम नाही. जुन्या टायरांची नक्षी चांगली होती, पण कडेवरच्या चार आकड्यांत १११७ लिहिलं होतं. म्हणजे २०१७ सालचा ११ वा आठवडा. रबर कडक आणि बाजूंना केसासारख्या चिरा. बदलणं भागच होतं. मूळ माप १५५/८० आर१३, मी १६५/७० आर१४ घेतले, रिमसकट. व्यास ५७८ वरून ५८७ मिलिमीटर झाला, दीड टक्का फरक. भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) ७९ चा ८१ झाला, तो मुळापेक्षा कमी होता कामा नये. ओल्या रस्त्यावर पकड आणि वळणावरचा ठामपणा नक्की वाढला. पण जागच्या जागी स्टिअरिंग जड झालं, बारीक खड्डे जास्त जाणवतात आणि ॲव्हरेज १६.२ वरून १५.८ वर आलं (दीड टक्क्याची दुरुस्ती धरून). पुन्हा करायचं झालं तर मूळ मापाचेच चांगले टायर घेईन. आणि चाक कधीही काढलं की ५०-१०० किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

दारांना आतून ब्युटिलचे (पत्र्याचा कंप थांबवणाऱ्या चिकट रबराचे) शीट लावले, तेव्हा मात्र एक वेगळंच कोडं सुटलं. पुढचा डावा गालिचा पाऊस पडला की ओला व्हायचा. दाराचं आतलं पॅनल काढलं तर आतला प्लॅस्टिकचा पडदा फाटलेला होता, बहुधा पूर्वी कोणी स्पीकर बसवताना. तळाची पाणी जायची भोकंही चिखलाने बुजलेली. तारेने एक मोकळं केलं तर काळं पाणी धारेनं आलं, अर्धा मग तरी असेल. काचेवरून उतरणारं पाणी दारात येणारच, ते खालून जायला हवं. भोकं साफ केली, गंजरोधक मेण फवारलं, पडदा ब्युटिलच्या टेपने पुन्हा नीट चिकटवला. शीट बाहेरच्या पत्र्याच्या मध्यभागी, साधारण पाव भागावरच लावला. पत्र्याचा कंप थांबवायला तेवढा पुरतो, सगळं दार मढवून नुसतं वजन वाढतं. दार बंद होतानाचा पोकळ आवाज गेला. पण गालिचा कोरडा राहिला, त्याचं समाधान जास्त.

सध्या एकच काम शिल्लक आहे. पन्नासच्या पुढे मागून गुणगुण येते, डावीकडे वळताना वाढते आणि उजवीकडे वळताना कमी होते. डाव्या वळणात भार उजव्या चाकावर जातो, म्हणजे मागचं उजवं बेअरिंग. ते आणून ठेवलंय. पण माझ्या गाडीत ते ड्रममध्ये दाबून बसवायचं आहे आणि हातोड्याने ठोकून बसवलं तर नवं बेअरिंगही खराब होतं, म्हणून प्रेस असलेल्या मेकॅनिककडे पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. तोवर ड्रम उघडून मागच्या ब्रेकचे लायनर किती उरलेत ते बघून ठेवतो.