जुनी २२० सीसी क्रूझर मोटारसायकल : शॉकअपची जोडी न बदलता गाडी नरम कशी झाली

मागच्या शॉकअपच्या जोडीचे साडेसहा हजार सांगितले सर्व्हिस सेंटरवाल्याने, आणि तेही गाडी न चालवता, नुसतं सीट दोनदा दाबून. "शॉकप बसले भाऊ, जोडी बदला लागते." अहो, बसलेला शॉकअप दाबला की भसकन खाली जातो आणि उड्या मारत वर येतो. माझा तर हाताने दाबून हलतच नव्हता. एवढं सांगितलं तर म्हणे, "मंग करा तुमच्या मनानं." केलं. जुनी क्रूझर घेऊन कंबर धरून बसलेल्यांसाठी सगळं लिहून ठेवतो.

इंजिनाबद्दल तक्रार नाही. ओढ चांगली आहे, उन्हाळ्यातही गरम होऊन बंद पडली नाही, बाकीचं सगळ्यांना माहीत आहे. त्रास फक्त दणक्यांचा. माझं जाणं-येणं आर्वी-पुलगाव भागात आणि शेताच्या पांदणीने. तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, पण दुचाकीला तिथे बंदी, त्यामुळे आपल्या नशिबी काळ्या मातीवरचे रस्तेच. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. त्यात क्रूझरवर पाय पुढे असतात. खड्डा आला की साध्या गाडीसारखं पायावर भार देऊन उठता येत नाही, सगळा मार माकडहाडावर.

आधी दणका कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. छोट्या गिट्टीवरही टकटक जाणवते, म्हणजे सस्पेन्शन (पुढचे-मागचे शॉकअप) हलतच नाही. मोठ्या ब्रेकरवरच धाडकन आवाज येतो, म्हणजे ते जास्त हलून तळाला लागतं. दोन्हींचे उपाय उलटे आहेत. माझी गाडी पहिल्या प्रकारातली, आणि त्याला नवीन शॉकअप हे उत्तरच नाही.

सुरुवात हवेपासून. मागच्या चाकात ४० पॉइंट हवा निघाली. स्टिकरवर एकट्यासाठी २८, दोघांसाठी ३२ लिहिलं आहे. पंक्चरवाला म्हणतो जास्त हवेने अ‍ॅव्हरेज वाढतो, आणि लोक ऐकतात. हवा सकाळी चाक थंड असताना मोजा, मे महिन्यात दुपारी रस्त्यावरून येऊन मोजली तर आकडा तीन-चार पॉइंट जास्तच दिसेल. टायरवरचे चार आकडेही वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या मागच्या टायरवर ३४१६ होतं, म्हणजे २०१६ चा ३४ वा आठवडा. नक्षी भरपूर होती, पण रबर इतकं कडक की नख रुतत नव्हतं. टायर बदलला. हा खर्च जिवावर आला, पण टाळण्यासारखा नव्हता.

नंतर शॉकअपच्या खालची खाचांची रिंग पाहिली. डावीकडे चौथी खाच, उजवीकडे पाचवी. आधीचा मालक मागे दुधाच्या कॅन बांधायचा, त्याने कडक करून ठेवली असणार. रिंग फिरवून स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही, फक्त ती आधीपासून जास्त दाबून ठेवली जाते. मग हलायला सुरुवात करायलाच मोठा धक्का लागतो आणि छोटे धक्के थेट सीटमध्ये येतात. शंभर-सव्वाशेचा हुक पाना आणला, दोन्ही बाजू दुसऱ्या खाचेवर केल्या. कंबर त्याच संध्याकाळपासून शांत.

तेव्हा माझं ठाम मत होतं की दोष सगळा मागेच होता. पावसाळा संपून रस्ते उघडे पडल्यावर ते बदललं. कंबर ठीक, पण मनगटं दुखायला लागली. मागचा मार कमी झाला तसा पुढचा कळला.

इथे पाच रुपयांच्या केबल टायने, म्हणजे वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीने, जे सांगितलं ते कोणी सांगितलं नव्हतं. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, चकचकीत नळीवर टाय बांधून खाली रबरी सीलपर्यंत सरकवायची आणि नेहमीच्या रस्त्याने जाऊन यायचं. फोर्क जेवढा दबला तेवढी टाय वर सरकलेली दिसते. गावच्या ब्रेकरवरून, खड्ड्यांतून जाऊन आलो तरी ती जेमतेम तीन बोटं सरकली होती. पुढचं सस्पेन्शन जवळपास बंदच.

आमच्या गावच्या मिस्त्रीकडून फोर्क उतरवून तेल उलटं केलं. फवारणीच्या औषधाचं नवं कोरं माप होतं, त्यात मोजलं. फोर्कच्या एका पायातून (नळीतून) मॅन्युअलच्या मापापेक्षा कितीतरी जास्त तेल, दुसऱ्यातून त्याहूनही जास्त, आणि दोन्हींत फोर्क ऑइलऐवजी जाड इंजिन ऑइल. मधासारखी धार. जाड तेल आतल्या बारीक भोकांतून पटकन जात नाही, म्हणून अचानक आलेला धक्का फोर्क गिळूच शकत नाही. शिवाय तेल दबत नाही, दबते ती वरची हवा, आणि तिलाच जागा ठेवली नव्हती. कोणीतरी सील बदलताना डब्यात उरलेलं ओतून मोकळा झाला. दुसऱ्याच्या मनगटाचा विचार नको का करायला?

मॅन्युअलमधल्या ग्रेडचं तेल, दोन्ही पायांत मापाने. चाक बसवताना अ‍ॅक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) पिंच बोल्ट, म्हणजे दांडा फोर्कमध्ये आवळून धरणारा बोल्ट, सैल ठेवून पुढचा ब्रेक धरला, हँडल जोरात दाबून फोर्क चारदा खालीवर केला, मग बोल्ट आवळला. हे केलं नाही तर दोन्ही पाय एकमेकांना ओढून धरतात आणि फोर्क अडकत चालतो. आता टाय रोज चांगली वर जाते.

फोर्कच्या कामाला तेल-मजुरी धरून सातशेच्या आत खर्च आला. मिस्त्रीने मजुरी घ्यायला आढेवेढे घेतले, मी जबरदस्तीने दिली.

एक दुरुस्ती मात्र लिहिलीच पाहिजे. सौ. मागे बसली आणि सोबत किराण्याची पिशवी असली की दुसऱ्या खाचेवर गाडी तळाला लागते. तेव्हा चौथी खाच आणि ३२ पॉइंट हवा. पाना डिक्कीतच असतो.

जुनी क्रूझर बघायला जाल तेव्हा केबल टाय खिशात न्या, मालकासमोर बांधा आणि ब्रेकरवरून एक चक्कर मारा. हललीच नाही तर भाव पाडा. बसायची ढब आणि कमी उंचीमुळे आखूड असलेली मागची हालचाल मात्र बदलत नाही, मोठा खड्डा अजूनही लागतोच. सीटचा फोमही मधोमध चपटा झाला आहे, अंगठ्याने दाबला की खालचा पत्रा लागतो. ते काम सोयाबीनचे पैसे आल्यावर.