जिरो पाहायला फिनेस्त्रेचा घाट: जागा पहिल्या नंबरची, सोयी शून्य

जिरो दितालिया म्हणजे इटलीतली मे महिन्यातली मोठी सायकल शर्यत. तिच्या २१ टप्प्यांपैकी कुठल्याही टप्प्याला रस्त्याकडेला उभं राहायचे पैसे पडत नाहीत. प्रश्न असतो तो उभं कुठे राहायचं याचा. सपाट टप्प्यावर अख्खा घोळका ताशी पन्नासच्या वेगाने सुटतो. मोबाईल काढेपर्यंत खेळ खलास. घाटात मात्र पहिल्या आणि शेवटच्या स्वारात अर्ध्या तासाहून जास्त अंतर पडतं आणि माणसं ओळखू येतात. त्यातही तोरिनो (ट्यूरिन) शहराच्या पश्चिमेचा कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा घाट आम्ही सगळ्यात वर ठेवू.

सूझा गावाकडून चढ १८.५ किलोमीटर, सरासरी ९.२ टक्के, माथा २,१७८ मीटरवर. एकूण चढाई सुमारे १,७०० मीटर, म्हणजे जवळजवळ तीन सिंहगड एकावर एक. शेवटच्या आठेक किलोमीटरला डांबर नाही, दाबलेली खडी आहे. इतक्या चढाला वेग कमी, त्यामुळे पुढच्याच्या आडोशाचा फायदा फारसा मिळत नाही आणि संघ कितीही तगडा असला तरी आघाडीच्या स्वाराला एकट्यानेच निभवावं लागतं. २०१८ मध्ये क्रिस फ्रूम इथूनच, शेवटाला ८० किलोमीटर असताना सुटला आणि गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची जर्सी, घेऊन गेला. त्या दिवशी ती जर्सी सायमन येट्सच्या अंगावर होती. तो ३८ मिनिटांहून जास्त मागे पडला. २०२५ मध्ये त्याच येट्सने याच चढावर इसाक देल तोरोला मागे टाकलं आणि जिरो जिंकला.

जागा धरायची तर माथ्यावर नको. तिथे वारा असतो, गर्दी असते आणि स्वार क्षणभरच दिसतात. खडी सुरू झाल्यावर झाडं संपतात, तिथून पुढची वळणं बघा. खालचे दोन-तीन पदर एकदम दिसतात, त्यामुळे तोच स्वार पुन्हा पुन्हा नजरेला पडतो. नीट पाहिलंत तर कळेल, खडीवर उभं राहून पेडल मारणारे थोडेच. उठलं की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि चाक जागीच फिरतं. म्हणून बहुतेक जण बूड सीटवर रोवून, हात हँडलच्या मधल्या दांडीवर ठेवून चढतात.

आता तक्रारी. शर्यतीच्या दिवशी रस्ता गाड्यांना बंद. तोरिनोहून सूझापर्यंत रेल्वे आहे, पुढे सायकल किंवा पाय. पेडलपाशी ३४ दाती चेनरिंग (पुढचं दातेरी चक्र) आणि मागच्या चाकाला किमान ३२ दाती स्प्रॉकेट (मागचं दातेरी चक्र) नसेल तर सायकल खडीवर ढकलत न्यावी लागेल. टायर २८ मिलिमीटरच्या खाली नको, आणि हवा नेहमीपेक्षा कमी. सरावातल्या हौशी माणसालाही दोन-सव्वादोन तास लागतात. पाणी-खाणं खालूनच भरून घ्या.

शर्यतीचं वेळापत्रक तीन वेगवेगळ्या सरासरी वेगांनी छापलेलं असतं: सगळ्यात लवकरची वेळ धरून चला, नाहीतर पुढचे निसटून जातील. थंडीचं गणित साधं आहे: खालून वर ११ अंशांचा फरक. सूझात बाही गुंडाळून निघालेले वर तीन तास वाट बघताना काकडतात. जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे हवेतच. उतरताना बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला जात नाही, आणि खडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरतं. शेवटचा स्वार गेला म्हणून लगेच उतरू नका. शर्यत संपल्याची पाटी लावलेली गाडी जाईपर्यंत रस्ता शर्यतीचाच.

सगळ्यात मोठी अडचण अशी की हा घाट दरवर्षी नसतो. २००५ मध्ये पहिल्यांदा आला, नंतर २०११, २०१५, २०१८ आणि २०२५. शिवाय उंच घाटांचा मे महिन्यात भरवसा नाही: २०२४ मध्ये स्तेल्व्हिओ वगळावा लागला, २०१३ मध्ये बर्फामुळे अख्खा एक टप्पा रद्द झाला. तेव्हा मार्ग जाहीर झाल्यावरच विमानाचं बघा, आणि मुक्काम तोरिनोत ठेवा. सूझाकडचा बेत फिसकटला तरी तिथून दुसरीकडे जायला गाड्या मिळतात.

चढणं जमणार नसेल तर त्या वर्षीचा वैयक्तिक टाइम ट्रायलचा टप्पा धरा. एकेक स्वार ठरावीक अंतराने सुटतो, तीनेक तास कुणी ना कुणी समोरून जातच असतं, आणि कॉफीही मिळते.